आजींची दाढ, मेलेलं हाड आणि दाबाखालचा ऑक्सिजन

"मी जिती हाय ना, डॉक्टर? मग माजं हाड कसं मेलं?"

सारसोळे गावातल्या एका आजींचा हा प्रश्न. इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्या रुग्णानं विचारलेला नाही, आणि उत्तर देताना इतकं अवघडही कधी वाटलेलं नाही. कारण ते हाड उघडं पडायला निमित्त माझाच चिमटा झाला होता. आजींची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ही हकीकत लिहितो आहे. जबड्याच्या हाडाला जंतुसंसर्ग झाल्यावर ऑक्सिजनचा उपचार घ्यावा का, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर मी या आजींमुळेच नीट अभ्यासलं.

माझा दवाखाना नेरुळ सेक्टर ६ मध्ये, सारसोळे गावठाणाला लागून. एका अंगाला सोसायट्या, दुसऱ्या अंगाला जुनी आगरी-कोळी वस्ती, आणि पाम बीच रस्ता ओलांडला की जेट्टी आणि खाडी. आजी मासळी विकायला बसायच्या. २०२३ च्या हिवाळ्यात एका सकाळी गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून आल्या आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "ही दाढ काढून टाक. झोपू देत नाय."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर आहे का? बीपी? हृदयाचा त्रास? रक्त पातळ करायच्या गोळ्या? सगळ्याला "नाय." उजवीकडची खालची दाढ किडून पोकळ झाली होती, हलतही होती. भूल दिली, काढली, कापूस चावायला दिला. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आता मागे वळून पाहतो तेव्हा दिसतं की सगळ्या खुणा माझ्यासमोर होत्या. तोंड कोरडं ठणठणीत होतं, आरसा गालाला चिकटत होता. बहुतेक दात हिरडीच्या कडेला, मुळाच्या मानेशी किडले होते. ही कीड साध्या किडीपेक्षा वेगळी दिसते. तोंडही पुरतं उघडत नव्हतं. मी मनात म्हटलं, मिश्रीचा परिणाम. गळ्यावरचा पदर बाजूला करायला सांगितलं असतं तर शस्त्रक्रियेचा व्रण आणि त्याभोवतीची काळवंडलेली, ताठ कातडी दिसली असती. चार वर्षांपूर्वी आजींना जिभेच्या कडेचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर रेडिएशन.

मी विचारलं असतं, "रेडिएशन घेतलंय का?" तरी कदाचित त्या "नाय"च म्हणाल्या असत्या. त्यांच्या घरात त्या उपचाराला 'शेक' म्हणतात. काही घरांत 'लाइट' म्हणतात. आणि कर्करोग तर बरा झाला होता, मग तो आजार म्हणून सांगायचा कशाला? त्यांचं काहीच चुकलं नाही. विचारायचं काम माझं होतं.

दाढ काढल्यावर साधारणपणे तीन-चार आठवड्यांत हिरडी खड्ड्यावर येते. आजी सहा आठवड्यांनी परत आल्या. खड्डा तसाच उघडा होता आणि त्यात पिवळट पांढरं हाड दिसत होतं. तोंडाला वास, हनुवटीला बधिरपणा. तेव्हा पहिल्यांदा मी पदर बाजूला करायला सांगितला.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येऊ. जिवंत माणसाचं हाड मरतं कसं?

हाड म्हणजे आपल्याला दगडासारखी वस्तू वाटते, पण ते जिवंत असतं. त्याच्या आत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, पेशी असतात, जुनं हाड खरवडून नवं बसवण्याचं काम आयुष्यभर चालू असतं. रक्तपुरवठा थांबला की त्या भागातल्या पेशी मरतात आणि मागे चुन्याचा सांगाडा राहतो. अशा मेलेल्या हाडावर जंतू बसले तर त्यांना हुसकावणं फार कठीण. प्रतिजैविकाची गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, पण रक्तच जिथं पोहोचत नाही तिथं औषध कसं पोहोचणार? शरीराच्या पांढऱ्या पेशींचीही तीच अडचण. शिवाय या पेशी जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनपासून तयार होणारी जहाल रसायनं वापरतात. ऑक्सिजन नसेल तर त्या जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत.

चेहऱ्याच्या हाडांत हा त्रास खालच्या जबड्याला जास्त होतो. वरचा जबडा सच्छिद्र आहे, त्याला अनेक बाजूंनी रक्त मिळतं. खालचा जबडा घट्ट, जाड आणि मुख्यतः एका रक्तवाहिनीवर अवलंबून. कर्करोगासाठी दिलेलं रेडिएशन गाठीच्या पेशी मारतं, पण वाटेतल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही हळूहळू जाड होतात आणि त्या बुजत जातात. हे काम रेडिएशन संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहतं. असं हाड एरवी कसंबसं तग धरतं. पण दात काढला की त्याला एकदम दुरुस्तीचं मोठं काम करावं लागतं, आणि तेवढी ताकद त्यात उरलेली नसते. म्हणून ते उघडं पडतं आणि मरतं. डॉक्टर याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. आजींना मी म्हटलं, "आजी, शेकानं त्या हाडाचं पाणी आटलं होतं. आणि मी त्यात खड्डा केला."

त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा बोलला.

मुलगा तिशीतला, वडिलांच्या मागे होडी तोच सांभाळतो. त्यानं मोबाइलवर जाहिरात आधीच शोधून ठेवली होती. दाबाखालचा ऑक्सिजन, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी. तीस बैठका. मेलेलं हाड जिवंत होतं, ऑपरेशन टळतं, असं त्या जाहिरातीत म्हटलं होतं. एका बैठकीचे काही हजार, तीस म्हटल्यावर हिशेब लाखाच्या घरात जात होता. होडीचं इंजिन विकायचं त्यानं मनात धरलं होतं. "तुम्ही फक्त हो म्हणा, सर," तो म्हणाला. आणि मग जरा आवाज खाली आणून, "नायतर घरी ते करोनातलं मशीन पडलंय. त्यानं नाही का होणार?"

हा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण यातूनच सगळं समजावता येतं. २०२१ नंतर कितीतरी घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. नाकात नळी लावून ऑक्सिजन घेतला तर जबड्याच्या हाडाला तो मिळणार नाही का?

रक्तात ऑक्सिजन दोन तऱ्हांनी जातो. बहुतेक सगळा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटून. हिमोग्लोबिन म्हणजे मासळीचे क्रेट समजा. फुफ्फुसं ठीक असलेल्या माणसाचे हे क्रेट साध्या हवेतच शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भरलेले असतात. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र हाच आकडा दाखवतं. कॉन्सन्ट्रेटर लावून फार तर उरलेले दोन-तीन भरतील. ज्याची फुफ्फुसं करोनानं निकामी होत होती, त्याचे क्रेट रिकामे होते, म्हणून त्याला त्या यंत्राचा उपयोग झाला. आजींचे क्रेट आधीच भरलेले आहेत.

दुसरी तऱ्हा म्हणजे रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत हा अगदी नगण्य असतो. १०० मिलिलिटर रक्तात सगळा मिळून सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, त्यातला विरघळलेला केवळ ०.३ मिलिलिटर. पण हा वाढवता येतो. कसा, ते सोड्याच्या बाटलीत दिसतं. दाब असेपर्यंत वायू पाण्यात विरघळून राहतो, झाकण उघडलं की फसफसून बाहेर येतो. माणसाला बंद कक्षात बसवून आतल्या हवेचा दाब वाढवला आणि त्याला शुद्ध ऑक्सिजन श्वासावाटे दिला, की तो प्लाझ्मात विरघळतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाला १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६ मिलिलिटर ऑक्सिजन नुसता विरघळलेला असतो. स्वस्थ बसलेल्या शरीराची गरज जवळपास तेवढीच असते.

अॅमस्टरडॅमचे सर्जन इटे बोरेमा यांनी हे १९६० च्या सुमारास डुकरांवर करून दाखवलं होतं. त्यांनी डुकरांच्या तांबड्या पेशी जवळजवळ पूर्ण काढून टाकल्या, रक्ताच्या जागी प्लाझ्मासारखा द्रव भरला आणि तिप्पट दाबाच्या कक्षात ऑक्सिजनवर ठेवलं. डुकरं जगली. तांबड्या पेशींशिवाय!

मुलाला मी विचारलं, "पाण्यात किती खोल गेल्यावर कान दुखतात?" तो हसला. खाडीकाठच्या माणसाला दाब शिकवावा लागत नाही. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. जबड्याच्या आजारात बहुधा २.४ वातावरण दाब वापरतात, म्हणजे समुद्रात १४ मीटर खोल गेल्यासारखं. मुळात हे कक्ष पाणबुड्यांच्या त्रासासाठीच वापरात आले. आपल्याकडेही कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयाशी या शास्त्राचं जुनं नातं आहे.

विरघळलेला ऑक्सिजन मेलेल्या हाडात काय करतो? खरं सांगायचं तर मेलेल्या हाडात काहीच नाही. जाहिरातीतलं पहिलंच वाक्य खोटं होतं. मेलेलं हाड जिवंत होत नाही. ऑक्सिजनचा उपयोग होतो तो त्याच्या कडेच्या, अर्धमेल्या भागाला. तिथं पांढऱ्या पेशींना जंतू मारायचं बळ मिळतं. काही प्रतिजैविकांनाही जंतूच्या आत शिरायला ऑक्सिजन लागतो. आणि रोज थोडा वेळ भरपूर ऑक्सिजन, बाकी वेळ कमी, अशा चढउतारानं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते. हे शेवटचं काम एका-दोन बैठकांत होत नाही, म्हणून इतक्या बैठका. संसर्ग झालेल्या हाडात ऑक्सिजनचं प्रमाण निरोगी हाडाच्या निम्म्यावर येतं, हे सशांवरच्या प्रयोगांत मोजलेलं आहे.

हे सगळं ऐकायला फार पटतं. मलाही पटलं होतं. पण शरीरशास्त्रात पटलेली गोष्ट रुग्णावर चालतेच असं नाही, म्हणून त्या रात्री मी अभ्यास काढून बसलो. (सकाळी 'हो' म्हणून मोकळं होण्याचा मोह झाला होता, हे कबूल करतो. आपली चूक झालेली असली की महागडा उपचार सुचवून मन हलकं होतं, आणि पैसे मात्र रुग्णाचे जातात.)

अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये मांडलं की रेडिएशननंतरच्या हाडात तीन गोष्टी कमी होतात: ऑक्सिजन, पेशी आणि रक्तवाहिन्या. १९८५ मध्ये त्यांनी ७४ रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांचे जबडे रेडिएशन घेतलेले, सगळ्यांचे दात काढायचे होते. निम्म्यांना पेनिसिलिन दिलं, निम्म्यांना दात काढण्याआधी २० आणि नंतर १० ऑक्सिजनच्या बैठका. पेनिसिलिनच्या ३७ जणांपैकी ११ जणांचं हाड मेलं, ऑक्सिजनच्या ३७ पैकी फक्त दोघांचं. त्या 'वीस आणि दहा'च्या आकड्यावरच जाहिरातीतल्या तीस बैठका उभ्या आहेत.

पण पुढे काय झालं? २००४ मध्ये फ्रान्समधला अभ्यास आला. त्यात हाड आधीच मेलेल्या ६८ रुग्णांपैकी काहींना खरा उपचार आणि काहींना कक्षात बसवून नुसतं नाटक, असं केलं. वर्षानंतर ऑक्सिजनवाल्यांपैकी १९ टक्के बरे झाले होते, नाटकवाल्यांपैकी ३२ टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यावर टीका झाली, की हा उपचार शस्त्रक्रियेच्या जोडीला द्यायचा असतो, एकटा नव्हे. ती टीका मला बरीचशी रास्त वाटते. मग २०१९ मध्ये ब्रिटनमधून होपॉन नावाचा अभ्यास आला. रेडिएशन घेतलेल्या जबड्यात दात काढणं किंवा इम्प्लांट बसवणं, त्याआधी आणि नंतर ऑक्सिजन द्यायचा की नाही, १४४ रुग्णांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. सहा महिन्यांनी हाड मेलेल्यांचं प्रमाण ऑक्सिजन घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ५.७. म्हणजे फरक नाही. शिवाय दोन्हींकडे धोका मार्क्स यांच्या काळापेक्षा खूप कमी, बहुधा आता रेडिएशनचे नेम आणि दात काढायच्या पद्धती सुधारल्यामुळे.

यातून मी काय घेतलं? रेडिएशन घेतलेल्या प्रत्येकाला दात काढण्याआधी सरसकट ऑक्सिजन द्यावा, याला आज फारसा आधार नाही. हाड आधीच मेलंय आणि शस्त्रक्रिया करायचीच आहे, तिथं अनुभवी सर्जनला वाटलं तर जोड म्हणून त्याला जागा आहे. जंतुसंसर्गाच्या इतर प्रकारांतही तसंच. दाढेच्या दुर्लक्षित गळवातून जबड्याच्या हाडात पू झाला, तर पहिलं काम म्हणजे दाढेचा बंदोबस्त, पू काढणं, जंतूची तपासणी करून नेमकं प्रतिजैविक, तेही आठवडेच्या आठवडे. हे सगळं नीट करूनही हाड दाद देत नसेल, तरच ऑक्सिजनचा विचार.

२०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं हा धडा फार कडवटपणे शिकला. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी 'काळी बुरशी', पसरली. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि सर्वांत जास्त आपल्या राज्यात. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरते आणि रक्तवाहिन्याच बुजवते, म्हणून तिनं एरवी मजबूत असलेला वरचा जबडाही मारला. तेव्हाही लोक ऑक्सिजनच्या कक्षाबद्दल विचारत होते. पण त्या आजारात जीव वाचवला तो वेळेवर मेलेला भाग काढण्यानं, अॅम्फोटेरिसिननं आणि साखर ताब्यात आणण्यानं. ऑक्सिजनसाठी थांबून शस्त्रक्रिया लांबवणं तिथं जिवावर बेतणारं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला बोलावलं. म्हटलं, इंजिन विकू नकोस. आधी जबड्याच्या सर्जनला दाखवू. ही चिठ्ठी. मी स्वतः बरोबर येतो.

सर्जन बाईंनी पहिल्यांदा उघड्या भागाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. हे फार महत्त्वाचं आहे. जुनी कर्करोगाची गाठ परत आली की तीही अशीच दिसू शकते, आणि तिच्यावर ऑक्सिजनच्या बैठका करत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. सुदैवानं तपासणीत कर्करोग नव्हता. स्कॅनमध्ये दिसलं की मेलेला भाग खोल होता, जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचायला थोडा उरला होता. तिथपर्यंत गेला असता तर जबडा मोडण्याची भीती, आणि मग पायातलं हाड घेऊन जबडा बांधायचं मोठं ऑपरेशन. सर्जन बाईंनी आधी काही आठवडे प्रतिजैविक, पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व दिलं. ही जोडगोळी अलीकडे पुष्कळ वापरतात आणि फार महाग नाही. मेलेला भाग काढायचं ठरलं. आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ऑक्सिजनचा उपयोग होईलच असं मी लिहून देणार नाही. पण जबडा इतका कडेला आलाय, की मला ती जोड हवीय. वीस आधी, दहा नंतर. जमत नसेल तर त्याशिवायही मी ऑपरेशन करेन." इतकं सरळ बोलणारे डॉक्टर लाभले की कुटुंबाला निर्णय घेता येतो. त्यांनीच एका धर्मादाय निधीचा पत्ता दिला, त्यातून बराच खर्च निघाला. इंजिन होडीतच राहिलं.

कक्षात जाण्याआधीच्या तपासण्या वाचून घ्या, कारण जाहिरातीत त्या नसतात. छातीचा एक्स-रे, कारण फुफ्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर दाबाखाली जाणं प्राणघातक ठरू शकतं. कानाचा पडदा. मधुमेह असेल तर प्रत्येक बैठकीआधी साखर, कारण ती आत असताना घसरू शकते. ब्लिओमायसिनसारखं कर्करोगाचं औषध पूर्वी घेतलं असेल तर ते सांगा. फिट येत असतील तर तेही. काहींची दूरची नजर काही आठवडे अंधूक होते, ती बहुधा परत येते. ऑक्सिजननं कर्करोग पुन्हा उफाळतो का, असं बरेच जण विचारतात. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

आणि आग. जिथं ऑक्सिजन जास्त तिथं ठिणगीचा वणवा होतो. १९९७ मध्ये इटलीतल्या मिलान शहरातल्या एका रुग्णालयात अशा कक्षाला आग लागून ११ माणसं गेली. एका रुग्णानं हात शेकायचं यंत्र आत नेलं होतं. म्हणून मोबाइल, काडेपेटी, नायलॉनचे कपडे, मलम, तेल यांतलं काहीही आत चालत नाही. ज्या केंद्रात हे सगळं तपासत नाहीत, तिथून उठून या. मऊ, फुगवायच्या पिशवीसारखे कक्ष सौंदर्य आणि तरतरीच्या नावाखाली विकले जातात. त्यांत दाब जेमतेम १.३ वातावरण असतो. जबड्याच्या हाडासाठी त्यांचा काही उपयोग नाही.

तेलावरून आजी अडून बसल्या. इतक्या वर्षांत केसाला तेल न लावता त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. "लोक काय बोलतील, म्हातारी झिपऱ्या सोडून फिरते." पण मिलानची गोष्ट मुलानं सांगितली आणि तेल सुटलं. मिश्री सुटायला जास्त दिवस लागले. मी मुलासमोरच सांगितलं होतं, तंबाखू रक्तवाहिन्या आवळते. सकाळी मिश्री आणि दुपारी ऑक्सिजन म्हणजे एका हातानं पाणी भरायचं आणि दुसऱ्या हातानं भोक पाडायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी डबी स्वतःच माझ्या टेबलावर आणून ठेवली.

रोज नेरुळहून गाडी, मग बस, मग दोन तास आत. आठवड्यातून पाच दिवस. एका मोठ्या कक्षात चार-पाच जण बसायचे, तोंडावर मुखवटा, नव्वद मिनिटं ऑक्सिजन, मध्ये मध्ये पाच मिनिटं साधी हवा. पहिल्या दिवशी दाब चढताना आजींच्या कानाला दडे बसले. तिथल्या मुलीनं सांगितलं, "आजी, थुंकी गिळा." आजींनी तोंड उघडून दाखवलं. थुंकी होतीच कुठे? शेकानं लाळेच्या ग्रंथी केव्हाच सुकल्या होत्या. मग त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आत न्यायची परवानगी मिळाली. दाब चढायला लागला की एकेक घोट. दुसऱ्या आठवड्यात त्या बाकीच्यांना कान मोकळे करायला शिकवत होत्या.

वीस बैठकांनंतर ऑपरेशन झालं. मेलेलं हाड काढलं, कडेला रक्त येईपर्यंत खरवडलं, वरून हिरडी ओढून शिवली. जबडा मोडला नाही. नंतरच्या दहांपैकी सहाच झाल्या. पावसात गाड्या बंद, एकदा ताप, मग राहून गेल्या. जखम भरली. हनुवटीचा बधिरपणा अजून आहे.

ऑक्सिजनमुळे भरली का? मला माहीत नाही. सर्जन बाईंनाही माहीत नाही. शस्त्रक्रिया, गोळ्या, मिश्री सोडणं, ऑक्सिजन, यांतलं कुणी किती ओझं उचललं, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. त्यासाठीच तर ते सगळे अभ्यास लागतात. मात्र या सगळ्याची पाळी टाळता आली असती, हे मला नक्की माहीत आहे. मानेला-तोंडाला रेडिएशन सुरू होण्याआधी, निदान दोन-तीन आठवडे, दात दाखवून घ्यायचे असतात. वाईट दात तेव्हाच काढायचे. नंतर रोज फ्लोराइड लावायचं, दर तीन महिन्यांनी तपासायचं. आणि रेडिएशननंतर दाढ किडलीच, तर शक्यतो काढायची नाही, रूट कॅनॉल करून मूळ तिथंच ठेवायचं. हा धोका दोन-चार वर्षांनी संपत नाही, आयुष्यभर राहतो. हाडं ठिसूळ म्हणून किंवा कर्करोगासाठी झोलेड्रॉनिक आम्लासारखी इंजेक्शनं घेतली असतील, तर त्यांनीही दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगायला हवं. तिथंही जबडा असाच उघडा पडू शकतो.

माझ्या केसपेपरवर आता शुगर आणि बीपीच्या वर एक ओळ छापलेली आहे: "तोंडाला, मानेला कधी शेक, लाइट किंवा रेडिएशन घेतलं आहे का?" मी स्वतः विचारतो, आणि पदर किंवा मफलर असेल तर बाजूला करायला सांगतो.

मागच्या महिन्यात गावातली एक मावशी आली. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "दाढ दुखतेय. आणि गळ्याला शेक घेतलाय मी, दोन वर्षं झाली. आजीनं सांगितलंय, डॉक्टरनं तोंडात हात घालायच्या आधी हे सांग म्हणून."

तिची दाढ काढली नाही. दोन वेळा बोलावून रूट कॅनॉल केलं.